एकाच पाकळीवर

कडमावशीचं खरं नाव कारखान्यात मालकाशिवाय कुणी घेत नसे. ती नकाशांच्या कडा कापायची म्हणून कडमावशी. कुणी नवी बाई कामावर आली आणि तिनं खऱ्या नावानं हाक मारली, तर मावशी मान वर करून विचारायची, "काय गं, पोलिसातून आलीस का?"

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल. शाळांच्या भिंतींवर टांगायचे नकाशे आम्ही तयार करायचो. छापलेले कागद बाहेरून यायचे. त्यांना मागून खळ लावून ते कापडावर चिकटवायचे, वाळले की कडा कापायच्या, वर-खाली लाकडी दांड्या ठोकायच्या आणि गुंडाळून बांधायचे. खळ शिजवणं आणि लावणं माझ्याकडे. शेजारचं टेबल कडमावशीचं. तिच्या टेबलावर एक पोलादी पट्टी आणि एक पातं, पात्याच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली. त्या पट्टीला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

सगळ्यात जास्त खप जगाच्या नकाशाचा. त्याची उजवी कड मावशी दुसऱ्या कुणाला कापू द्यायची नाही. तिचा थोरला मुलगा त्या उजव्या कडेवरच्या एका बेटावर राहायचा. तिथल्या हॉटेलात वीज-पाण्याची यंत्रं सांभाळायचा. बेटाचा ठिपका चौकटीच्या रेघेला इतका लागून, की पातं केसभर आत गेलं तर बेट थेट केराच्या टोपलीत. मावशी म्हणायची, "माझ्या आधी इथे जी बाई होती, तिनं किती शाळांतून माझ्या पोराला हाकलून दिलं असेल, देव जाणे."

धाकटा डाव्या कडेला, काठापासून बोटभर आत. तेही बेटच. तिथे मासे डब्यात भरायचा मोठा कारखाना आहे, त्यात तो मुकादम. एक मुलगा डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, आणि सगळं जग मधे. त्या जगाच्याही जवळजवळ मधोमध आमचा देश, आमचं गाव. मालक म्हणायचे, "नकाशा जो काढतो तो आपलं घर मधे ठेवतो, त्यात काय एवढं!" पण मावशीच्या डोक्यात ते फार खोल बसलं होतं.

दोघा भावांचं फाटलं होतं ते वडील गेले तेव्हा. थोरला वेळेवर पोचला नाही. आजारपण, दवाखाना, शेवटचं सगळं धाकट्यानं एकट्यानं केलं. थोरला आला तेव्हा दार उघडताच धाकटा चार माणसांदेखत म्हणाला, "आता आलास? बूट काढायची तसदी घेऊ नकोस, परतच जायचंय तुला." थोरल्यानं खरंच बूट काढले नाहीत. तो तसाच परत फिरला. मावशी दोघांच्या मधे उभी होती, आणि कुणाचा हात धरावा हे तिला सुचलं नाही. पुढे वर्षभरात धाकट्यालाही परदेशात काम मिळालं. मावशी सांगायची, "भावाचं तोंड दिसू नये म्हणून पृथ्वीचं दुसरं टोक शोधलंन माझ्या पोरानं."

तेव्हापासून मावशीचं एकच मागणं होतं. दोघांनी एकदा एकाच वेळी घरी यावं, एका छपराखाली चार दिवस राहावं, आणि तिच्या डोळ्यांदेखत बोलावं. डोळ्यांदेखत म्हणायला कारण होतं. डोळे हळूहळू चालले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे थांबणारं नाही.

यासाठी तिनं घर धरून ठेवलं होतं. तीन खोल्यांचं जुनं घर, पाऊस आला की स्वयंपाकघरात बादली ठेवावी लागायची. तिची धाकटी बहीण दुसऱ्या गावी राहते. तीही एकटीच. ती दर खेपेला म्हणायची, "अक्का, ये ना गं माझ्याकडे, दोघी राहू." मावशीचं उत्तर ठरलेलं. "मी हलले तर पोरं भेटायची कुठे? एक तिकडून येणार, एक तिकडून. मधोमध हे एकच घर आहे."

मुलांना फोन ती जेवणाच्या सुट्टीत करायची, कारण आमची दुपार म्हणजे तिकडे संध्याकाळ. गंमत अशी, की दोघांकडे संध्याकाळच असायची. फक्त थोरल्याकडे सोमवारची, तर धाकट्याकडे रविवारची. मावशी म्हणायची, "बघ, वारसुद्धा एक नाही दोघांचा. आख्खा दिवस आडवा आलाय मधे." मीही मान हलवायचे. सातवीपर्यंत भूगोल मीही शिकले होते. पृथ्वी गोल आहे हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण पाठ असतं ते जिभेवर राहतं. डोळ्यांपुढे होता तो दांड्या ठोकलेला नकाशा.

तिला ऐकू कमी यायचं, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावायचा आणि मी धरायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे दोघांची उत्तरं मलाही पाठ झाली होती.

थोरला म्हणायचा, "आई, मी कधीही येईन. पण आधी त्याला माझी माफी मागू दे. चार लोकांत मला दारातून घालवलंय त्यानं."

धाकटा म्हणायचा, "तो येणार असेल तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. तू त्याला सांग, मग मला सांग."

"अरे, पण मी म्हातारी—"

"आई, तुझ्यावर राग नाही गं माझा. तुला कळतंय ना?"

तिला कळायचं. फोन ठेवला की ती डब्याचं झाकण लावत म्हणायची, "स्वाभिमानी आहेत दोघं. बापावर गेलेत." त्या स्वाभिमानाचंही तिला कौतुक वाटायचं. आईचं मन वेडं असतं. त्यावर दुसऱ्यानं बोलू नये, म्हणून मी बोलायचे नाही. सकाळी घरातून निघताना हात जोडते, तेव्हा माझ्या माणसांच्या मागोमाग तिच्या दोन पोरांचंही देवाच्या कानावर घालायचे, एवढंच.

मग भिंतीवरच्या नकाशांना मागणी कमी झाली. शाळांना पृथ्वीचे गोल हवे झाले. मालकांनी पुठ्ठ्याचे पोकळ चेंडू मागवले, पायउतार झालेल्या नकाशांचे गठ्ठे कोपऱ्यात सरकवले, आणि आम्हा बायकांना समोर बसवून म्हणाले, "आता शिका."

चेंडूवर सपाट कागद बसत नाही. बसवायला गेलं की चुण्या पडतात. म्हणून पृथ्वी उभ्या पाकळ्यांत छापलेली असते. मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या. बारा पाकळ्या मिळून एक पृथ्वी. पाकळीला खळ लावायची, कागद ओला होऊन जरा सैल पडेपर्यंत थांबायचं, मग पोटापासून टोकाकडे अंगठ्यानं दाबत न्यायचं. एक पाकळी तिरकी गेली तर पुढची सगळी बिघडतात, आणि शेवटचीला जागाच उरत नाही. टोकांशी झालेला गोंधळ झाकायला वर-खाली एकेक गोल टोपी चिकटवायची. पहिल्या आठवड्यात आम्ही इतक्या पृथ्व्या वाया घालवल्या, की मालक म्हणाले, "देवाला एक करायला जमली, तुम्हाला एवढ्यांतून एक नाही?"

"देवाला वर मुकादम नव्हता," मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या, मालकसुद्धा.

आम्हाला रोज नवल वाटायचं. नकाशात वरच्या अंगाला जो पांढरा देश हातभर पसरलेला असायचा, तो गोलावर आला की आवळून एवढासा व्हायचा. मावशी म्हणायची, "म्हणजे इतकी वर्षं हा पोट फुगवूनच बसला होता की!" मालकांनी समजावलं, की गोल पृथ्वी सपाट करायची तर कुठेतरी ताणावी लागते, कुठेतरी फाडावी लागते. भिंतीवरचा नकाशा फाडतात तो मोठ्या समुद्रात, कारण तिथे माणसं कमी. मी ते ऐकलं आणि विसरले. मावशीही विसरलीच असावी.

कडा कापायचं काम संपलं होतं, म्हणून मावशीला पाकळ्या वेगळ्या करायला दिल्या. डोळ्यांपेक्षा हाताचं काम. एका सकाळी तिनं एक पाकळी उजेडाकडे धरली आणि मला हाक मारली.

"इकडे ये. हे बारीक वाच."

पाकळी जवळजवळ सगळी निळी होती. मधे थोडे ठिपके. मी एक नाव वाचलं. ते थोरल्याच्या बेटाचं.

"ते ठाऊक आहे मला. त्याच्या बाजूला?"

मी वाचलं. धाकट्याच्या बेटाचं नाव होतं.

"परत वाच."

परत वाचलं. मधे दोन बोटंसुद्धा समुद्र नव्हता. मावशीनं पाकळी टेबलावर ठेवली, अंगठा एका ठिपक्यावर, तर्जनी दुसऱ्यावर. तिचा हात उघडावासुद्धा लागला नाही. ज्या कडेवर तिनं एवढी वर्षं पातं चालवलं, ती कड नव्हतीच. तिथेच दोन्ही काठ एकमेकांना शिवलेले होते.

आणि देवाशप्पथ सांगते, ती इतकी आनंदली, की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, शेजारी आहेत माझी पोरं! एकमेकांना ठाऊकच नाही! आपल्यासारखंच असणार त्यांचंही, भिंतीवरचा नकाशा डोक्यात धरून बसलेत. आता सांगते. म्हणावं, मला म्हातारीला मधे घालू नका, जा, एक दिवस काढा आणि समोरासमोर भांडून मोकळे व्हा."

मला तेव्हाच शंका आली. विमानानं ये-जा करणाऱ्या माणसाला शेजारचं बेट ठाऊक नसेल? पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तोंडात आलेलं गिळलं.

दुपारी तिचे हात खळीनं माखलेले होते. फोन मी धरला. थोरला घरी नव्हता. फोन सुनेनं घेतला. थोरली सून मनानं चांगली आहे, बोलकी आहे.

"अगं, ऐक," मावशी ओरडूनच बोलत होती, "तुमच्या बेटापासून धाकट्याचं बेट किती लांब आहे माहितीय का तुला? हाकेवर! त्याला म्हणावं, कधीतरी उठून जा भावाकडे."

सून हसली. "कधीतरी काय आई, मागच्याच सुट्टीत तर भाऊजी इथे—"

तिच्याकडे कुठेतरी नळ चालू होता, तेवढा ऐकू येत होता.

"इथे काय?" मावशीनं विचारलं.

"आई... मी सांगितलं असं म्हणू नका हं यांना."

"नाही म्हणत. बोल."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊजी दर सुट्टीत येतात. कधी हे जातात. विमानात बसून पाणी मागावं तोवर उतरायची वेळ होते. भांडण? ते तर केव्हाच मिटलं. भाऊजींना माशांच्या कारखान्यातली नोकरी यांनीच लावून दिली होती ना, ओळखीनं. म्हणजे वडील गेले त्याच वर्षी.

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणत होते, आई, सांगा म्हणून. पण हे म्हणाले..." सून अडखळली. "तिकडे यायचं म्हणजे लांबचा पल्ला. सुट्टी सगळी त्यातच जाते. आणि आलं की घराचं काय करायचं, तुम्हाला कुठे ठेवायचं, ते विषय निघतात. भांडण आहे म्हटलं, की तुम्ही जास्त धरून बसत नाही. तुम्हाला वाईटही वाटत नाही तेवढं. दोघांचं तसं ठरलंय."

मावशी म्हणाली, "बरं. पोरांना सांभाळ." मी फोन बंद केला. तिनं हात धुतले नाहीत. तशीच उठली, तयार गोल ठेवतात त्या फळीपाशी गेली, आणि एक गोल फिरवून दोन्ही बेटं समोर आणली. मी मागे जाऊन उभी राहिले. समोर सगळा निळा समुद्र, मधे ते दोन ठिपके. आमचा देश कुठे दिसेना. तो पार पाठीमागे गेला होता.

"इथून बघितलं, तर आपण नाहीच," मावशी म्हणाली. गोलावर तिच्या बोटांचे खळीचे डाग पडले.

मला वाटलं, आता ती रडेल किंवा दोघांना फैलावर घेईल. आम्ही बायकांनी तिला तसं सुचवलंही. "झाडून काढा चांगलं!" तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन लावायला सांगितला, आणि अगदी नेहमीच्या आवाजात थोरल्याला म्हणाली, "अरे, धाकटा काही येत नाही. कायमचा नाही म्हणून सांगितलंन. तेव्हा तू निवांत ये. वाटेल तेव्हा ये."

"हो का? बरं... बघतो आई. सध्या हॉटेलात फार काम आहे."

"काम झाल्यावर ये."

"बघतो म्हटलं ना."

मग धाकट्याला. "दादा येणार नाही रे. त्यानं नाव टाकलंय घराचं. आता तुला अडचण नाही. ये."

"अं? तो... कधी म्हणाला असं?"

"म्हणाला. तू ये."

"आई, एकदम कसं सांगू? मुलांच्या शाळा आहेत."

असं ती महिनाभर करत राहिली. रोज नाही, पण करायची. एकेक सबब हातात घेऊन बाजूला ठेवायची. घर गळतं म्हणाले, तिनं छप्पर दुरुस्त करून घेतलं. उकडतं म्हणाले, पंखा बसवला. मी एकदा न राहवून म्हटलं, "मावशी, कशाला जीव जाळता? तुम्हाला तर कळलंय."

ती म्हणाली, "मला कळलंय ते सुनेच्या तोंडून. मला पोरांच्या तोंडून हवंय. 'येत नाही' एवढं तरी म्हणू दे."

तेही कुणी म्हटलं नाही. माणूस नाही म्हणाला तर निदान दार लागतं. 'बघतो' म्हणाला की बाई उंबऱ्यात उभी ती उभीच.

एक दिवस सुट्टीत माझा फोन वाजला. चेहरा दिसणारा फोन होता. पडद्यावर थोरला, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून धाकटा. मागे एक खिडकी, खिडकीत समुद्र. मी फोन मावशीच्या डोळ्यांजवळ नेला. ती किती तरी वेळ नुसती बघत राहिली. दोन्ही मुलं एका छपराखाली तिनं इतक्या वर्षांनी पाहिली, ती अशी.

थोरला रागावला होता. "आई, हे काय चालवलंयस? मला सांगतेस हा येत नाही, ह्याला सांगतेस मी येत नाही. आमच्यात लावालावी करतेस?"

"खोटं बोललीस तू," धाकटा म्हणाला. "आम्हाला किती वाईट वाटलं, माहितीय?"

आमच्या टेबलाभोवतीच्या बायकांनी जेवायचं थांबवलं.

मावशी म्हणाली, "धाकट्या, तुझे केस गेले की रे."

"आई, विषय बदलू नकोस!"

"नाही बदलत. खोटं बोलले मी. चुकलं माझं." ती हे इतक्या सरळ म्हणाली, की दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "आता खरं सांगते. मी बहिणीकडे राहायला चाललेय. कायमची. या महिन्याच्या शेवटी."

ती बातमी आम्हालाही नवी होती. पलीकडे दोघांचे चेहरे पुढे आले, आणि दोघं एकदम, एका सुरात म्हणाले, "आणि घराचं काय?"

एक बाई तोंडावर हात दाबून हसली, मग तिचंच तिला वाईट वाटलं. मावशी हसली नाही. तिनं मला खूण केली. मी फोन बंद केला. मग ती पुन्हा पाकळ्या वेगळ्या करायला बसली. सुट्टी संपायला अजून अवकाश होता, तरी.

महिन्याच्या शेवटी ती गेली. आम्ही तिला गाडीवर पोचवायला गेलो. एक पेटी, एक वळकटी, बस्स. कारखान्याची आठवण म्हणून मालक गोल देत होते. तो तिनं घेतला नाही. "बहिणीचं घर लहान आहे," म्हणाली. गाडी सुटताना तिनं मला बहिणीचा पत्ता दिला आणि घराची किल्लीही माझ्याकडे दिली. मी विचारलं, "मुलांनी विचारलं तर सांगू ना?"

"सांग की. लपवायचं काय त्यात? विचारलं तर सगळं सांग."

त्यानंतर दोघांचेही फोन मला आले. आधी थोरल्याचा, मग धाकट्याचा. फार आदरानं बोलले, मला ताई म्हणाले. किल्ली कुणाकडे आहे, घराचे कागद आईनं बरोबर नेले का, घर रिकामं राहिलं तर कुणी घुसणार तर नाही, हे सगळं विचारलं. मी किल्लीचं खरं खरं सांगितलं, कागदांचं मला ठाऊक नाही म्हटलं, आणि दोघांच्याही बोलण्याच्या शेवटी थोडी थांबले. पत्ता मी पदराच्या गाठीसारखा जपून, पाठ करून ठेवला होता.

"बरं ताई, ठेवतो मग," थोरला म्हणाला.

धाकट्याचा फोन तर मी थांबले तेवढ्यात तुटला. मी वाट पाहिली, पण तो परत आला नाही.